नाव ठेव माझ्यापाशी

“कोणतं सांगू?” बाईंनी मलाच उलट विचारलं.

मी कीबोर्डवर बोटं ठेवून वाट बघत होते. विचारलं होतं एवढंच, की आईचं नाव काय.

“कोणतं म्हणजे?”

“माहेरचं का सासरचं? माहेरी ती हौसा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सरस्वती लिवलं, तव्हापून सरस्वती. तुमची ती गाणं भरून घेणारी पोरगी दोन्हीकडं आलती. मामाच्या गावाला पंचमीला, अन् मंग आमच्या गावाला. म्हून इचारलं.”

शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्यांची आई होती. खालच्या बियाण्यांच्या दुकानातल्या दोन हमालांनी तिला खुर्चीसकट जिना चढवून आणलं होतं. लकव्यानं उजवं अंग गेलेलं. उजवा हात मांडीवर असा पडलेला, जणू कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेलंय. वाचाही गेली होती. डोळे मात्र घरधनिणीचे. कोण काय ठेवतंय, कोण काय उचलतंय, सगळं टिपणारे.

“मायला लई वर्सांनी कुनी असं उचलून मिरवलं,” विमलबाई म्हणाल्या आणि पदरानं आईच्या ओठाची कड पुसली. “वरातीत बी बैलगाडीच व्हती. व्हय का न्हाई गं?”

म्हातारीच्या डाव्या गालात एक सुरकुती हलली. ते हसणं होतं.

“सरस्वतीच टाक, रेवती,” आतल्या खोलीतून गिरवलकर सर म्हणाले. आवाजात उत्साह मावत नव्हता. “आता एकच ठेवलंय. काल विमलबाईंचा फोन आला, आईला घेऊन येतो म्हणून. मी बघतो तर एकाच बाईच्या दोन नोंदी! म्हटलं, पाहुण्या यायच्या आधी घर झाडून ठेवावं. सकाळी लवकर येऊन नीट करून टाकलं सगळं.”

ही अंबाजोगाईतली गोष्ट. आता बरीच वर्षं झाली. गिरवलकर सर शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी आसपासच्या गावांतल्या बायांच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. जातं बंद पडलेलं, पण बायांच्या गळ्यातलं दळण अजून सरलेलं नव्हतं. एक मुलगी गावोगाव जाऊन आवाज भरून आणायची, आणि आम्ही दोघं, मी आणि सादिकभाई बागवान, ते सगळं वेबसाइटवर ठेवायचो. सादिकभाई माझे वरिष्ठ. कॉलेजातून बाहेर पडून मी त्यांच्या हाताखाली काम शिकत होते.

मी सरस्वती टाकलं. फोटो आला, नाव आलं, खाली ओव्या आल्या. पहिलीवर बोट ठेवलं आणि खोलीत एक आवाज पसरला, खडा, थोडा खरखरीत, ज्वारीच्या पिठासारखा.

*सासरच्या अंगणात तुळशीला पाणी घाली*
*माझ्या कुंकवाचं औक्ष मागते सांजसकाळी*

म्हातारीनं स्वतःच्या आवाजाकडं बघितलं. म्हणजे स्पीकरकडं. माणसानं बऱ्याच दिवसांनी आरशासमोर यावं तशी. विमलबाईंनी तोंडाला पदर लावला. मी दुसरी लावली, तिसरी लावली. सर दारात येऊन उभे राहिले होते, हात मागं बांधून, निकाल वाचून दाखवताना शाळेत उभे राहत असतील तसे.

सगळ्या संपल्या. म्हातारीनं डावा हात उचलला आणि पंजा हलवला. नाही.

“काय गं माय?”

पुन्हा पंजा. नाही, नाही.

“ह्या न्हाईत म्हनती,” विमलबाई म्हणाल्या. “ह्या सासरच्या. तिला मामाच्या गावच्या पायजेत. ताई, खरं सांगू का, आमी त्याच्यासाठीच आलोत. परवा माझ्या लेकीच्या हळदीचा घाणा हाय. मायच्या माहेरी घाण्याला एक ओवी लागतेच. ती म्हनल्याबिगर जात्याला हात लावत न्हाईत. ती नवरीच्या आयनं नायतर आजीनं म्हनायची. माझ्या लग्नात मायनं म्हनली. आता माय बोलंना. म्हनलं, न बोलंना का, तिचा आवाज तर तुमच्याकडं हाय. जात्यापाशी मोबाईल ठिवू अन् लावू.”

“कोणती ओवी?”

त्यांनी ती सांगितली. गायली नाही, नुसती सांगितली, वाण्याला सामान सांगावं तशी:

“जाय लेकी, जाय बाई, मागं वळून पाहू नको. नाव ठेव माझ्यापाशी, त्येला संगं नेऊ नको.”

म्हातारीनं डोळे मिटले.

“मग म्हणा की तुम्हीच,” सर हसत म्हणाले. “शब्द तर पाठ आहेत.”

“शबूद येतेत हो सर, चाल येईना. आमच्या गावची चाल निराळी, मामाच्या गावची निराळी. तिकडं दुसऱ्या ओळीला असा कायतरी हिसका देतेत. मी एकडाव ऐकली, अन् ते बी माझ्याच घाण्याला. मी रडत व्हते. रडताना चाल कोन ध्यानात ठिवतंय?” त्या थांबल्या. “मामी गेली, मावशी गेली. त्या चालीचं मानूस आता हेच एक ऱ्हायलंय.” आणि त्यांनी खुर्चीकडं हात केला.

मी हौसा शोधलं. पडद्यावर आलं: *काही सापडलं नाही.*

पुन्हा शोधलं. हौसाबाई लिहिलं. गावाचं नाव लिहिलं. तेच उत्तर. कानामागून घामाचा एक थेंब निघाला आणि मानेवर उतरला, तो मला अजून आठवतो.

“सर,” मी न वळता विचारलं, “सकाळी नीट केलंत म्हणजे काय केलंत?”

“काय करायचंय? हौसा नावाची नोंद पुसली. बाई एकच, मग नोंदी दोन कशाला? आधार कार्डावर सरस्वती आहे, म्हणून सरस्वती ठेवली.”

“आणि हौसाबाईंच्या ओव्या?”

“त्या तिच्याच की. बाई इथं आहे म्हटल्यावर ओव्या जाणार कुठं?”

मी उठले. “चहा सांगते,” असं काहीतरी बोलले आणि मागच्या खोलीत सादिकभाईंकडं गेले. ते कानाला हेडफोन लावून काम करत होते. मी त्यांच्या कानावरून तो काढला.

“सरांनी एक बाई पुसली.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा बघितल्यावर ‘कोणती’ असं विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “जागल्या जागा होता ना?”

“होता.”

“या अल्लाह.”

जागल्या कोण, ते सांगायला हवं. आम्ही बांधलेल्या त्या वेबसाइटमध्ये प्रत्येक बाई म्हणजे एक नोंद, आणि प्रत्येक नोंदीला माणसासारखंच जन्म, बदल आणि मरण. त्या त्या घडीला आत कुठंतरी हाळी उठते: ही जन्मली, ही बदलली, ही गेली. ती हाळी ऐकायला कोडचा एक तुकडा बसवता येतो. पुस्तकात त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. सादिकभाई त्याला जागल्या म्हणायचे. काठी आपटत गावावर पहारा देणारा खरा जागल्या त्यांच्या आजोबांनी पाहिलेला होता. “ह्याला वेगळं सांगावं लागत नाही,” त्यांनी मला शिकवताना सांगितलं होतं. “तू तुझं काम कर. कुणाला आण, कुणाला काढ. हा आडोशाला बसून बघतोय. घरात जन्म झाला की हा गावभर गूळ वाटतो. मरण झालं की हा सरण रचतो. तुला कळतसुद्धा नाही.”

नवी बाई संग्रहात आली की जागल्या तिच्या फोनवर आभाराचा निरोप धाडायचा. आणि बाई गेली, की तिच्या ओव्यांचे शब्द आणि आवाजाच्या फायली, सगळं धुऊनपुसून टाकायचा.

हा दुसरा हुकूम कुणी दुष्टाव्यानं दिला नव्हता. आधी एकदा असं झालं होतं, की एका बाईनं ओवीत सासूला चार शब्द सुनावले आणि मग घाबरून निरोप धाडला, माझं काढा. सरांनी तिचं नाव काढलं. पण आवाजाची फाइल मागं तशीच राहिली आणि कुठून तरी फिरत फिरत तिच्या दिराच्या मोबाईलवर वाजली. त्या बाईला काय भोगावं लागलं ते कळल्यावर सर दोन घास जेवू शकले नव्हते. “बाई नको म्हणाली,” त्यांनी सादिकभाईंना बजावलं होतं, “की तिचा श्वाससुद्धा इथं राहता कामा नये.” म्हणून जागल्या बसला. तेव्हा सरांनी त्याच्या नावानं आम्हाला पेढे दिले होते.

एका बाईची लाज राखायला बसवलेला तो. त्या सकाळी सरांनी नोंद पुसली आणि त्याला एवढंच कळलं, की हौसा नावाची बाई गेली. सरस्वती जिवंत आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सरांना वाटलं ओव्या बाईच्या. आमच्या कोठारात त्या नावाच्या होत्या.

“पुसायच्या आधी हाळी ऐकणारा ठेवला असता,” सादिकभाई भराभर काहीतरी उघडत म्हणाले, “तर तो दार अडवून उभा राहू शकतो. विचारू शकतो, खरंच का म्हणून. आपला पुसल्यावरचा. त्याच्या हातात नुसती राख सावडणं.”

त्यांनी सर्व्हरवर आवाजाच्या जागी बघितलं. हौसाबाईंचा कप्पाच नव्हता.

“रोजची प्रत निघते ना?” मी म्हणाले.

“निघते. कालची आहे. तिच्यात शब्द असतील. आवाज नसतील.” ते डोळे चोळत होते. “आवाज जड होते, रेवती. ते प्रतीत घेत नव्हतो आपण. पुढच्या महिन्यात घेणार होतो.”

मग त्यांनी जिथं आमचा सर्व्हर होता त्या पुण्याच्या लोकांना फोन लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत उभी राहिले. ते “हां… हां…” म्हणत होते आणि प्रत्येक ‘हां’ आधीच्यापेक्षा बारीक होत होता. मी त्या आवाज भरणाऱ्या मुलीला फोन लावला. ती लग्न होऊन नाशिकला गेली होती. मागं कुकरची शिट्टी वाजत होती. “हौसा आज्जी? पंचमीच्या? अगं ताई, कार्डवरचं तुमच्याकडं चढवलं की कार्ड मोकळं करूनच पुढच्या गावाला जायचे ना मी. का गं? काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “सुखी आहेस ना?”

बाहेर आले तेव्हा चहा येऊन निवला होता. सर विमलबाईंना विचारत होते, लेकीचं नाव काय, जावई काय करतो. “नाव आकांक्षा. ते बी बदलायचं म्हनतेत तिकडचे. आजकाल कोन बदलतंय हो सर? पर सासरा हौशी हाय, म्हनतो, तांदळात लिवायचंच. काय लिवतो कुनास ठाऊक. मला बी लग्नात इचारलं न्हवतं. मी शालन व्हते.”

“तुम्ही शालन?” मी म्हणाले.

“आता कोन म्हनतंय? माय म्हनायची. आता ती बी…” त्यांनी आईच्या गुडघ्यावर थोपटलं.

मी त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसले. खुर्चीवर बसून सांगण्यासारखं ते नव्हतं.

“विमलताई, माहेरच्या ओव्या आमच्याकडं होत्या. आज सकाळपर्यंत होत्या. त्या पुसल्या गेल्या.”

“पुसल्या म्हंजी?”

“आवाज गेला. परत आणता येत नाही. आम्ही सगळीकडं विचारलं.”

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. पाहुणे निघून गेल्यावरही अंगणात मांडव उभा असतो तसं ते थोडा वेळ नुसतं उभं राहिलं. मग ते म्हणाले, “अगं, मी फक्त नाव पुसलं.”

सादिकभाई मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“मी ओव्यांना हात नाही लावला, रेवती. फक्त नाव पुसलं.”

“यंत्रानं पुसलं, सर,” सादिकभाई दारातून म्हणाले. “यंत्राला आम्ही तसं शिकवलं होतं.”

विमलबाई एकेकाकडं बघत होत्या. चिडतील, शिव्या देतील, असं मला वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आईची मांडीवर पडलेली बोटं उचलून आपल्या हातात घेतली आणि म्हणाल्या, “माय, ऐकलं का? हौसा गेली म्हनं.”

म्हातारीनं लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग त्या पडद्याकडं, जिथून मघाशी तिचा आवाज आला होता. ते बघणं तक्रारीचं नव्हतं. दळण संपल्यावर बाई जात्याच्या पाळीत अजून काही राहिलंय का ते बघते, तसं.

“भाऊ,” विमलबाई सादिकभाईंना म्हणाल्या, “त्या यंतराला म्हनावं, एकच ओवी दे. बाकीच्या ऱ्हाऊ दे. त्या नगंत मला. एकच दे.”

सादिकभाईंनी मान खाली घातली. “एकही नाही, आपा.”

त्यांनी थोरल्या बहिणीला म्हणावं तसं आपा म्हटलं, तेव्हा विमलबाईंना रडू आलं. त्या रडल्या, पण आवाज न करता, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. आई तर समोरच बसली होती.

सादिकभाई आत गेले. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. कालच्या प्रतीतून त्यांनी शब्द शोधून काढले होते. ऐकून ऐकून मीच टाइप केलेले. कितीतरी दुपारी त्या आवाजावरून मी मागंपुढं केलं होतं, एक शब्द लागावा म्हणून. आणि आता मला तो आवाज आठवेना. शब्द सगळे समोर, आणि डोक्यात सरस्वतीबाईंचाच सूर वाजतोय, मघाचा.

ते शब्द मी बाहेरच्या पडद्यावर आणले आणि वाचू लागले.

*बंधुजीच्या शेतामधी जोंधळा आला हुरड्याला*
*हौसा म्हणून हाक देई उभा राहून बांधाला*

म्हातारीचा डावा हात हलला. तिनं तो खुर्चीच्या दांडीवर ठेवला आणि गोल फिरवायला लागली. हळू. तिथं खुंटा नव्हता, पण मूठ खुंट्यावर असते तशीच वळलेली.

“म्हना ताई, म्हनत ऱ्हावा,” विमलबाई घाईनं म्हणाल्या. “ती वळ आली का? घाण्याची?”

आली होती. सगळ्यात शेवटी.

*जाय लेकी जाय बाई, मागं वळून पाहू नको*
*नाव ठेव माझ्यापाशी, त्येला संगं नेऊ नको*

विमलबाईंनी गळा साफ केला आणि चालीवर धरून बघितली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला त्या अडल्या. म्हातारीचा हात थांबला. पंजा हलला: नाही.

पुन्हा धरली. आता ‘नाव’ उंच नेलं. नाही.

“असं का गं माय? असं?” ‘ठेव’वर हेल दिला. नाही. ‘माझ्यापाशी’ खाली ओढलं. नाही. म्हातारीनं तोंड उघडलं. सगळा जीव त्या डाव्या ओठात आला. मानेची शीर ताणली गेली. घशातून एक ‘हं’ निघाला, दुसरा निघाला, आणि दोन्हींच्या मधे तो हिसका कुठंतरी होता, आम्हाला सगळ्यांना कळत होतं की तिथंच आहे, पण तो हातात येत नव्हता. सर पुढं होऊन म्हणाले, “असं असेल का?” आणि त्यांनी आपल्या शिक्षकी आवाजात ती ओळ म्हटली. म्हातारीनं त्यांच्याकडं बघून मान हलवली, मायेनं, पोराचं गणित चुकल्यावर हलवावी तशी.

किती वेळ चाललं होतं कोण जाणे. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत खुर्चीच्या पायाशी आलं होतं. एकदा वाटलं जमलं. विमलबाईंनी ओळ अशी काही वळवली की म्हातारीचे डोळे उघडले, हात अर्धा फिरला. मग तो हात तिथंच थांबला आणि तिनं तो उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताशेजारी. आता दोन्ही हात सारखेच दिसत होते.

“ऱ्हाऊ दे माय,” विमलबाई म्हणाल्या. “दमलीस.”

सर आपल्या खोलीत जाऊन बसले होते. दार उघडंच होतं. ते टेबलाकडं बघत होते आणि टेबलावर काही नव्हतं.

“निदान नाव तरी जागेवर लावतो,” सादिकभाई हळूच मला म्हणाले. “शब्द, फोटो, गाव, सगळं परत चढवतो. बाईची जागा तर रिकामी नको.” ते माझ्याच संगणकावर बसले. प्रतीतली हौसाबाई उचलून त्यांनी वेबसाइटवर परत आणली. बटण दाबलं. पडद्यावर तोच फोटो आला, नागपंचमीचा, मागं लिंबाला झोका, आणि खाली नाव: हौसाबाई. ओव्यांच्या पुढं जिथं आवाजाची खूण असते तिथं मोकळी जागा.

आणि विमलबाईंच्या पिशवीत फोन वाजला. निरोप आल्यावर वाजतो तसा, एकदाच.

सादिकभाईंचा हात हवेतच राहिला. “जागल्याला गप्प करायचं राहिलं,” ते पुटपुटले.

मला उशिरा कळलं. नवी बाई आली होती. जन्माची हाळी उठली होती. आणि जागल्या गूळ वाटायला निघाला होता. ओव्या भरल्या तेव्हा म्हातारीकडं फोन नव्हता. तिनं लेकीचा नंबर दिला होता.

“द्या इकडं, मी बघते,” मी हात पुढं केला. पण विमलबाईंनी फोन काढला होता. त्या डोळ्यांपासून लांब धरून मोठ्यानं वाचायला लागल्या, एकेक अक्षर लावत:

“नमस्कार, हौसाबाई. तुमच्या ओव्या… आमच्या संग्रहात आल्या. तुमचा आवाज… आता कधीही हरवणार नाही.”

खालच्या दुकानात कुणीतरी पोत्यावर पोतं टाकलं, ते वर ऐकू आलं.

म्हातारीनं मान वर केली होती. तिनं आवाज वगैरे काही ऐकलं नव्हतं. तिनं एकच शब्द ऐकला होता. ती दाराकडं बघत होती, जिन्याकडं, कोण हाक मारतंय म्हणून. बांधावर कोण उभं आहे म्हणून.

मग तिनं डावा हात लांब केला, फोन मागितला. विमलबाईंनी दिला. तिनं तो नीट चाचपला आणि कानाला लावला.

ती ऐकत राहिली. सरही उठून दारात आले होते, आम्ही चौघं तिच्याकडं बघत राहिलो. एवढं शिकून, एवढं बांधून, त्या खोलीत आम्हाला बघण्याशिवाय काही करता येत नव्हतं. ती ऐकत होती आणि फोन मुका होता. तिनं तो कानावरून काढला, पदराला पुसला आणि पुन्हा लावला.

“माय,” विमलबाई म्हणाल्या, “त्यात नुसतं लिवलंय गं. बोलत न्हाई ते.”

म्हातारीनं फोन सोडला नाही.

हमालांनी पुन्हा खुर्ची उचलली. जिन्याच्या वळणावर म्हातारी कलली तेव्हा विमलबाईंनी तिला खांद्यानं सावरलं. सर वरच उभे होते. त्यांना हात जोडायचे होते, पण ते कठडा धरून राहिले. खाली रिक्षात बसवताना ओव्यांचा छापलेला कागद विमलबाईंच्या हातात देत मी म्हणाले, “परवा घाण्याला काय कराल?”

“काय करनार? वाचीन. कागदावरचं वाचीन अन् दळू.” त्या रिक्षात शिरल्या, मग पुन्हा डोकं बाहेर काढलं. “ताई, एक सांगू का? तुमच्या त्या यंतराला म्हनावं, आता आलेला हा मेसेज तेवढा पुसू नगं. त्यात मायचं नाव हाय.”

“तो तुमच्या फोनवर आहे, ताई,” मी म्हणाले. “तिथं आमचा जागल्या पोचत नाही.”

“मंग बरं हाय,” शालनबाई म्हणाल्या.